जन्माआधी लढलेला माणूस

तोळेयंड घराण्याचे पट्टेदार, म्हणजे घरातल्या हयात पुरुषांत सगळ्यात वडील, होते कर्नल उत्तप्प. त्यांना निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली होती, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती. रोज सकाळी ते कॉफीच्या झाडांची पाहणी करत, आणि एखाद्या झाडाची फांदी ओळीबाहेर आलेली दिसली की त्याच्यापुढे थोडा वेळ नुसते उभे राहत. त्यानंतर झाडं सुधारतात, असं त्यांचं मत होतं.

यंदाच्या कैलपोदला, म्हणजे हत्यारांच्या पूजेच्या सणाला, थोरल्या घराच्या अंगणात एक शिळा उभी करायची असं कर्नलांनी ठरवलं. घराण्यातून जे जे लढाईवर गेले, त्यांची नावं शिळेवर. डावीकडे 'गेले', म्हणजे तिकडेच मेलेले, उजवीकडे 'परत आले'. पाथरवटाला काळा दगड सांगून झाला, म्हैसूरच्या एका ब्रिगेडियरांना पाहुणे म्हणून बोलावून झालं. आता घरच्यांचं मत विचारायला काहीच हरकत नव्हती.

म्हणून रविवारी सकाळी सगळ्यांना ओसरीवर बोलावण्यात आलं. कर्नलांनी उभं राहून नावं वाचली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला कायमचे राहिलेले दोघे. आफ्रिकेच्या वाळवंटातून परत आलेले एक. पासष्टचे, एकाहत्तरचे, कारगिलचे. प्रत्येक नावानंतर ते क्षणभर थांबत. ओसरीच्या कडेला बांबूचे कोंब चिरत बसलेल्या बायकाही तेवढ्यापुरते हात थांबवत.

वाचन संपलं. देचव्वाने हातातला कोंब खाली ठेवला.

देचव्वा सत्तरी ओलांडलेली, कर्नलांच्या चुलतभावाची विधवा. उंचीने लहान, आवाजाने नाही. पन्नास वर्षांपूर्वी ती या घरात सून म्हणून आली तेव्हा तिच्या आईने तिला एकच उपदेश केला होता, की मोठ्यांपुढे बोलू नकोस. देचव्वाने तो तंतोतंत पाळला होता. फक्त मोठं कोण, हे ठरवणं तिने स्वतःकडे ठेवलं होतं.

"भावजी, एक नाव राहिलं," ती म्हणाली.

"नाही राहिलं."

"माझ्या मामंजींचं."

कर्नलांनी चष्मा काढला. हा हल्ला कुठल्या दिशेने येणार हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी मोर्चेबांधणीही केली होती. ते आधी खोकले. "देचव्वा, कुशालप्पांचा जन्म कधीचा?"

"कुठला? पहिला की दुसरा?"

"घरात धरतात तो."

"पंचेचाळीसच्या ऑक्टोबरातला."

"आणि लढाई संपली ऑगस्टात." कर्नलांनी चष्मा परत चढवला. "जो माणूस लढाई संपल्यावर जन्मला तो लढाईत होता, असं मी दगडावर कसं कोरू? ब्रिगेडियर काय म्हणतील?"

ओसरीवर कोणी हसलं नाही. तोळेयंडांच्या घरात यात हसण्यासारखं काही नव्हतंच. होतं ते असं.

आमच्या कोडगूत, म्हणजे कूर्गमध्ये, मुलगा झाला की अंगणात बंदुकीचा एक बार काढतात. माणूस गेला की दोन. दरीपलीकडची माणसं हातातलं काम थांबवून कान देतात, एक की दोन? एक असेल तर हसून पुन्हा कामाला लागतात. दोन असतील तर कोयता जागेवर ठेवून निघतात. तार, टपाल, टेलिफोन हे सगळं नंतर आलं, आणि त्यातलं काहीही बारांइतकं भरवशाचं निघालं नाही.

बेचाळीस साली सरकारकडून तार आली. हवालदार कुशालप्प, बर्मात बेपत्ता, मारले गेले असावेत. तेव्हा पट्टेदार होते बिद्दप्प. त्यांनी आयुष्यात एकही वाक्य 'असावं'ने संपवलेलं नव्हतं, आणि सरकारनेही तसं करू नये अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांनी तारेतला तो शब्द वगळला, बंदूक उचलली आणि अंगणात जाऊन दोन बार काढले. दरीपलीकडून माणसं आली. क्रियाकर्म झालं. कुशालप्पांच्या तरुण बायकोने वर्षाच्या मुलाला, पूवय्यला, कडेवर घेऊन पांढरं लुगडं नेसलं.

पंचेचाळीसच्या ऑक्टोबरात कुशालप्प विराजपेटेहून चालत आले आणि अंगणात उभे राहिले. जपान्यांच्या छावणीतून सुटून आलेले. कपडे दुसऱ्याचे, आणि शरीरही दुसऱ्याचंच वाटावं असं. बिद्दप्प ओसरीवर कॉफी पीत होते. त्यांनी पुतण्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तू मेलास," ते म्हणाले.

"हो, ऐकलं," कुशालप्प म्हणाले. "वाटेत बऱ्याच जणांनी सांगितलं."

"दोन बार काढले मी. सगळ्या दरीने ऐकले."

"मग आता?"

बिद्दप्पांनी कॉफी संपेपर्यंत विचार केला. सुटलेला बार नळीत परत भरता येत नाही. पट्टेदाराने काढलेला बार चुकीचा होता असं एकदा म्हटलं, की मग उद्या कोणीही कशालाही चुकीचं म्हणेल. त्यांनी कप खाली ठेवला, बंदूक उचलली, अंगणात गेले आणि आभाळाकडे नळी करून एक बार काढला.

दरीपलीकडे लोकांनी मोजला. एक. तोळेयंडांकडे मुलगा झाला! दुपारी चार बायका बाळंतिणीसाठी तूप घेऊन आल्या, तेव्हा बाळ ओसरीवर बसून डुकराच्या मटणाबरोबर भाताचे गोळे खात होतं. बाळाला मिशा होत्या. बायकांनी तूप त्यालाच वाढलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण जन्म म्हटला की त्यामागून वयही येतं. धाकट्याने मोठ्यांचे पाय तीनदा धरायचे आणि मोठ्यांनी आशीर्वाद द्यायचा, ही रीत. आता घरात कुशालप्पांहून धाकटं कोणीच उरलं नव्हतं. त्यांनी सख्ख्या धाकट्या भावाचे, माचय्यचे, पाय धरले. चुलतभावांचे धरले. माचय्यच्या आठ वर्षांच्या मुलाचे, म्हणजे आपल्या पुतण्याचेही धरले. तो पुतण्या म्हणजे आजचे कर्नल. चार वर्षांचा पूवय्य, कुशालप्पांचा स्वतःचा मुलगा आणि पुढे देचव्वाचा नवरा, घाबरून खाटेखाली शिरला म्हणून तेवढे पाय राहिले. मग पंधरवड्याने, पांढरं नेसलेल्या आपल्याच बायकोशी त्यांनी विधवेच्या रीतीने साधं लग्न केलं. लोक म्हणाले, पंधरा दिवसांच्या पोराचं लग्न तोळेयंडच लावू जाणे.

कुशालप्पांनी या बालपणाचा पुरेपूर लाभ घेतला. नांगराला बोलावलं की म्हणत, "मी दोन वर्षांचा आहे हो." जमिनीच्या वादात पंच म्हणून बोलावलं तर म्हणत, "मोठ्यांनी बोलावं, आम्ही ऐकावं." बासष्टला चीनशी लढाई लागली तेव्हा ते म्हैसूरला भरतीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. वय विचारलं तर म्हणाले, सतरा. डॉक्टरांनी डोकं तपासायला पाठवलं. घरी आल्यावर सांगत, "डोकं पास झालं, दात नापास झाले."

फक्त एक गोष्ट हसण्यावारी नेता आली नाही. बिद्दप्पांनंतर पट्टेदारकी थोरल्या कुशालप्पांकडे यायला हवी होती. ती माचय्यकडे गेली, कारण आता माचय्य थोरला. तेव्हापासून थोरली शाखा धाकटी झाली आणि धाकटी थोरली. पूवय्य आपल्या बापापेक्षा वयाने मोठा म्हणून शाळेत चिडवला गेला तो मरेपर्यंत. आणि कर्नलांनी कुशालप्पांना आयुष्यात कधी ना मोठे काका म्हटलं, ना धाकटे. नुसतं कुशालप्प म्हणत, तेही आधी खोकून.

देचव्वाला पट्टेदारकी नको होती. पट्टेदारकी म्हणजे दर रविवारी ओसरीवर उभं राहून बोलायचं. तिला ते रोज स्वयंपाकघरात बसून करता येत होतं. तिला शिळेवर ते नाव हवं होतं. कैलपोदला घरातले सैनिक पदकं लावून पुढच्या रांगेत उभे राहत, तेव्हा कुशालप्प मागे पोरांत उभे राहून पोरांना चिमटे काढत. पण आदल्या दिवशी ते परसात बसून चिंचेने आपली पदकं घासत. घासून लखलखीत झाली की परत डब्यात ठेवत. सून झाल्यापासून अठरा वर्षं देचव्वाने त्यांना चिंच भिजवून दिली होती. त्याबद्दल दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते.

सभा संपली, पण देचव्वाची संपली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कर्नलांच्या घरी गेली. कर्नलांची बायको मुत्तव्वा तांदळाच्या भाकऱ्या थापत होती.

"ये गं. नाश्त्याला आलीस की भांडायला?"

"दोन्ही. आधी भांडते, मग भूक चांगली लागते."

"बैस मग. हे आत्ताच झाडांना शिस्त लावून आलेत, डोकं गरम आहे."

कर्नल टेबलाशी ताठ बसले होते. त्यांनी खोकून घेतलं. "देचव्वा, फौजेच्या कागदांबद्दल बोलायचं असेल तर मला ते मान्य आहेत. फौजेत कुशालप्प लढले. पण शिळा फौजेची नाही, घराची आहे. घरात घराचा नियम."

"अगदी बरोबर," देचव्वा म्हणाली. "मी घराच्या नियमाबद्दलच आले आहे. बेचाळीसला अंगणात दोन बार निघाले, ते कोणासाठी?"

"तुला ठाऊक आहे."

"माझ्या तोंडून नको. पट्टेदारांच्या तोंडून हवं."

कर्नल खोकले. "कुशालप्पांसाठी."

"म्हणजे ते गेले."

"गेले नव्हते. परत आले ना!"

"परत आले तर त्यांचा जन्म पंचेचाळीसचा कसा? परत आलेला माणूस जन्मतो होय?"

मुत्तव्वाचा भाकरीवरचा हात थांबला. कर्नल म्हणाले, "हे बघ, ते बार जरा... तारेत स्पष्ट नव्हतं. घाईत झालं."

"म्हणजे बिद्दप्प आजोबा चुकले?"

"मी असं म्हटलं नाही."

"म्हणा की. मी बाहेर जाऊन सगळ्यांना सांगते. पट्टेदार म्हणतात, बिद्दप्पांचे बार चुकले. मग मामंजी मेले नव्हते, मग जन्मलेही नाहीत, मग थोरले तेच. मग माचय्य मामंजी पट्टेदार झाले ते कसे, आणि वाटण्या त्यांनी केल्या त्या कशा, आणि वरच्या मळ्याची ती मिरीची बाग..."

"देचव्वा!"

"मी नाही हो, तुम्हीच म्हणताय घाईत झालं."

कर्नलांनी आयुष्यभर नकाशे वाचले होते. दोन्ही बाजूंनी वेढला गेलेला माणूस कसा दिसतो, हे ते एका दृष्टीत ओळखत. बार चुकले म्हणावं तर बापाची पट्टेदारकी जाते. बरोबर होते म्हणावं तर...

"बार बरोबर होते," ते म्हणाले.

"मग या घरातला एक हवालदार बर्मात गेला. बेचाळीस साली. त्याचं नाव डावीकडे."

"अहो, आता तरी त्या माणसाला पाळण्यातून बाहेर काढा," मुत्तव्वा भाकरी तव्यावर टाकत म्हणाली.

कर्नलांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "जिवंत आलेल्याचं नाव मेलेल्यांत? ते स्वतः असते तर हसले असते."

"हसले नसते." देचव्वाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "शेवटच्या आजारात मी एकदा त्यांना विचारलं होतं, मामंजी, आजोबांनी तुमच्यावर असा अन्याय केला, तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत? तर म्हणाले, म्हातारा फारसा चुकला नव्हता. इथून जो गेला तो तिथेच राहिला. त्याच्याबरोबरचे सगळे राहिले, तो एकटा कशाला येईल? मी आपला नंतर आलो."

तव्यावरची भाकरी फुगली. मुत्तव्वाने ती उलटली नाही.

"तिथे पाऊस कसा पडतो, एवढंच ते सांगत," देचव्वा म्हणाली. "म्हणत, इथल्यासारखाच पडतो. फक्त आत जायला घर नसतं."

कर्नल उठले. खिडकीशी गेले. बाहेर कॉफीची झाडं सरळ ओळीत उभी होती, पण त्यांनी ती तपासली नाहीत.

"माझे पाय धरले होते त्यांनी," ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले. "आठ वर्षांचा होतो मी. मला सांगून ठेवलं होतं, वाकले की डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, मोठा हो. मी हात ठेवला. खाली बघितलं तर त्यांच्या बोटांना नखं नव्हती, देचव्वा. एकाही बोटाला. मी मोठा हो म्हणायचंच विसरलो."

 या वेळी ते खोकले नव्हते, हे दोन्ही बायकांच्या लक्षात आलं.

"फौजेत चाळीस वर्षं काढली," कर्नल म्हणाले. "शूर माणसं पाहिली, त्यांना पदकं लावली. पण तसं घरी येऊन, अंगणात उभं राहून, पोरासोरांच्या पाया पडून, वर हसणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. तो कोण होता मग? तो पण कुठूनतरी परतच आला होता ना?"

"ते तुम्ही ठरवा, भावजी," देचव्वा म्हणाली. "पट्टेदार तुम्ही."

मग कर्नल वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर परत सैन्य आलं. "पाथरवटाला निरोप धाडा. दोन्हीकडे. डावीकडेही, उजवीकडेही."

"पाथरवट म्हणेल एकच नाव दोनदा झालं, चुकलंय," मुत्तव्वा म्हणाली.

"त्याला सांगा, या घरात काहीही चुकत नाही. तीच तर आपली अडचण आहे."

देचव्वाने पाट ओढून घेतला. "मुत्तव्वा, ती करपलेली भाकरी भावजींना दे. मला दुसरी थाप."

कैलपोदच्या सकाळी ऊन पडलं होतं. बंदुका धुऊनपुसून मांडल्या होत्या, प्रत्येकीच्या नळीत लाल-पिवळी रानफुलं खोवलेली. शिळेवरचं कापड ब्रिगेडियरांनी ओढलं. ते शिष्टाचाराचे माणूस होते. नावं एकेक करून वाचली, डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत, मग उजव्या बाजूला. उजवीकडे दुसऱ्याच नावाशी ते थांबले. परत डावीकडे गेले. परत उजवीकडे आले.

"कर्नलसाहेब, हे हवालदार कुशालप्प दोन आहेत?"

"होय."

"सख्खे भाऊ?"

 बिद्दप्प, तार, तूप, विधवेचं लग्न, हे सगळं ब्रिगेडियरांना उभ्या उभ्या कसं सांगायचं, याची शिकवण फौजेत कुठेही मिळत नाही. मागून देचव्वा म्हणाली, "एकाच आईचे, साहेब. एक गेला म्हणून दुसऱ्याला यावं लागलं."

ब्रिगेडियरांनी मान हलवली. डोंगराळ मुलुखातल्या घरांत असं होतं, हे त्यांना माहीत असावं. ते दोन पावलं मागे सरले आणि डाव्या नावाला सॅल्यूट केला. मग तोंड वळवून उजव्या नावाला केला. त्यांचा हात खाली आला तरी कर्नल उत्तप्पांचा हात वरच होता. चांगला बराच वेळ वर होता. बायकांत कुजबुज झाली की म्हाताऱ्याचा खांदा धरला की काय.

मग कर्नलांनी हात खाली घेतला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मोठे काका."

पुढे काही म्हणणार होते. पण एवढंच बोलून ते थांबले.

देचव्वाला तिथे फार वेळ उभं राहता आलं नाही. परसात मोठ्या पातेल्यात डुकराचं मटण शिजत होतं आणि विस्तवापाशी तिने कोणाला बसवलेलं नव्हतं. ती लगबगीने निघाली. दोन कुशालप्पांपैकी निदान एकाची आवड तिला चांगली ठाऊक होती, आणि बुडाला लागलेलं मटण त्याला मुळीच चालत नसे.